डोमेनच्या नावात हायफन घालावा का? नाव ठरवण्यापासून रीडायरेक्ट लावेपर्यंत

आंबा थेट गिऱ्हाइकाला विकणारे बागायतदार, घरगुती मसाले करणाऱ्या बायका, गावात होमस्टे चालवणारी जोडपी, असे कितीतरी जण आता स्वतःची वेबसाइट काढतात. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घ्यायला बसलं की पहिली अडचण एकच येते: मनातलं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं असतं. मग रजिस्ट्रारची, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीची, साइटच सुचवते की मधे हायफन (-) टाका, नाव मोकळं आहे. तेवढ्यात ओळखीतलं कुणी सांगतं की हायफनमुळे गूगलला शब्द सुटे कळतात, साइट वर येते. घाईत नाव घेतलं जातं, आणि पुढची अनेक वर्षं तेच पेटीवर, पावतीवर आणि व्हिझिटिंग कार्डावर छापलं जातं.

माझं मत आधीच सांगतो. हायफन एकाच कारणासाठी घ्यावा: दोन शब्द चिकटल्यावर नाव चुकीचं वाचलं जात असेल तर. गूगलमध्ये वर येण्यासाठी घेऊ नये, आणि हवं ते नाव गेलं म्हणून तर मुळीच घेऊ नये.

सोयीसाठी एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. समजा देवगडच्या बाजूला कातळावर आपली हापूसची बाग आहे आणि वेबसाइटला ‘कातळ आमराई’ हे नाव द्यायचं ठरतंय. इथे मी नावं देवनागरीत लिहितोय. ब्राउझरमध्ये ती रोमन अक्षरांत टाइप होणार, हे लक्षात ठेवून वाचा. सगळा घोळ त्या रोमन अक्षरांतच होतो.

काय चालतं, काय चालत नाही

डोमेनच्या नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं. अंडरस्कोर (_) चालत नाही, मोकळी जागा चालत नाही, आणि लहान-मोठ्या लिपीने फरक पडत नाही. नावाची सुरुवात किंवा शेवट हायफनने करता येत नाही. डॉटच्या आधीचा भाग जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असू शकतो, पण वीसच्या पुढे गेलात तर ते नाव कुणी हाताने टाइप करणार नाही.

आणखी एक बारीक नियम आहे. तिसऱ्या आणि चौथ्या जागी लागोपाठ दोन हायफन असलेलं साधं नाव मिळत नाही. ती जागा देवनागरीसारख्या लिप्यांतल्या डोमेनसाठी राखलेली आहे. २०१४ पासून डॉट भारत देवनागरीत मिळतं आणि त्यात मराठीही आहे. पण यंत्रांच्या पातळीवर असं नाव ‘एक्स-एन’ आणि दोन हायफन, अशी सुरुवात असलेल्या रोमन साखळीत बदलतं, आणि काही अॅपमध्ये लिंक चिकटवली की तीच साखळी गिऱ्हाइकाला दिसते. देवनागरी नाव जोडीला हौसेने जरूर घ्या. मुख्य पत्ता म्हणून अजून रोमन नावच सोयीचं.

गूगलला हायफनने किती फरक पडतो

जुन्या काळी ‘स्वस्त-विमान-तिकीट’ अशा धर्तीची नावं घेऊन लोक वर यायचे, हे खरं आहे. लोक जे शोधतात तेच शब्द डोमेनमध्ये आले की फायदा व्हायचा, आणि सुटसुटीत नावं संपलेली असल्याने हायफनवाली नावं घाऊक घेतली जायची. २८ सप्टेंबर २०१२ रोजी गूगलच्या मॅट कट्स यांनी जाहीर केलं की अशा शब्दशः जुळणाऱ्या पण निकृष्ट दर्जाच्या साइट्स खाली ढकलणारा बदल येतोय; अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्के शोधांवर त्याचा ठळक परिणाम होईल असं त्यांनी सांगितलं. आज गूगलची नवशिक्यांसाठीची अधिकृत मार्गदर्शिका स्पष्ट म्हणते की डोमेनमधल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. व्यवसायाला जे नाव योग्य ते घ्या.

मग ‘हायफनने शब्द सुटे कळतात’ हे कुठून आलं? ते पानांच्या पत्त्यांबद्दल आहे. डॉट कॉमच्या पुढे तिरकी रेघ देऊन जो पत्ता लिहितो, त्यात शब्द तोडायला अंडरस्कोर न वापरता हायफन वापरा, असं गूगल खरोखर सांगतं. तो सल्ला लोकांनी उचलून डोमेनला लावला.

हायफनमुळे शिक्षा होते, हीही अफवाच. एक हायफन असल्याने साइट खाली जात नाही. कोका-कोला आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या मुख्य डोमेनमध्ये हायफन आहे, कारण त्यांच्या नावातच तो आहे. तीन-चार हायफन असलेलं नाव मात्र माणसाला खटकतं. बँकेचं नाव, हायफन, ‘केवायसी’, हायफन, ‘अपडेट’ अशा लिंका फसवणुकीच्या मेसेजमध्ये आपण सगळ्यांनी पाहिल्यात. खोट्या साइट्सच्या त्रासामुळेच रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या राखीव डोमेनवर जायला सांगितलं. गिऱ्हाईक आता लिंककडे संशयाने बघतं, आणि बघायलाच हवं. शोधाच्या निकालात लोकांनी आपल्यावर क्लिकच केलं नाही, तर क्रमांक वरचा असून उपयोग काय?

पायरी १: शब्दांचा जोड तपासा

आता खरं काम. नाव रोमन लिपीत, सगळं लहान अक्षरांत, एकत्र लिहा. मोठ्या अक्षरांत शब्द दाखवून स्वतःची समजूत काढू नका, कारण ब्राउझरच्या पट्टीत सगळं लहानच दिसतं.

‘कातळ’ आणि ‘आमराई’ चिकटवून बघा. मधे एल आणि ए शेजारी येतात, आणि नवखा वाचणारा ते ‘कटला मराई’ किंवा ‘काटा लमराई’ असं काहीही वाचतो. ‘गावरान अंडी’ हे नाव जोडलं की हमखास ‘गावरा नंदी’ दिसतं. मराठी शब्द रोमनमध्ये जोडताना हा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त होतो, कारण आपल्या कितीतरी शब्दांचा शेवट न, ल, र, त अशा व्यंजनाने होतो आणि पुढचा शब्द अ-आ ने सुरू झाला की सांधा कुठे आहे हे कळेनासं होतं.

तपासायच्या जागा मुख्यतः तीन आहेत. पहिली ही, व्यंजनाला स्वर चिकटण्याची. दुसरी, तेच अक्षर दोनदा येण्याची: ‘कोकण नारळ’ जोडलं की एन दोनदा येतो, आणि ऐकून टाइप करणारा एकच टाइप करतो. ‘सातारा आयुर्वेद’मध्ये ए दोनदा येतो, काहींना वाटेल की आपण ‘आ’साठी डबल ए लिहिलाय. तिसरी, जोडातून नको तो शब्द तयार होण्याची. याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे एक्स्पर्ट्स एक्स्चेंज. दोन शब्द एकत्र लिहिल्यावर पहिल्या शब्दाचा एस पुढे सरकून भलतंच काहीतरी वाचलं जायचं. शेवटी ते मधे हायफन घालून वावरू लागले. हायफनचा इतका सार्थ उपयोग क्वचितच दिसतो.

आता हेच उलट बाजूने. ‘साजूक तूप’, ‘वडा पाव’, ‘देवगड पेटी’ ही नावं जोडून लिहिली तरी कुणी अडखळत नाही. तिथे हायफन घालून काही मिळत नाही, उलट एक अडथळा वाढतो.

स्वतःच्या डोळ्यावर विसंबू नका. आपल्याला नाव माहीत असतं, म्हणून ते बरोबरच दिसतं. जोडून लिहिलेलं नाव कागदावर लिहून दुकानातल्या पोराला, शेजारच्या काकूंना मोठ्याने वाचायला सांगा. पाच जणांपैकी दोघंही अडखळले, तर हायफनचा विचार करा. त्याहून चांगलं म्हणजे शब्दांची अदलाबदल करून बघा: ‘आमराई कातळ’ ऐकायला तितकं गोड नाही, पण ‘कातळबाग’ बिनहायफनचं, छोटं आणि स्वच्छ आहे. हायफनपर्यंत जाण्याआधी हा प्रयत्न प्रत्येक नावासाठी करावा असं मला फार वाटतं.

पायरी २: स्पेलिंग ठरवा

हायफनचा वाद घालताना लोक याहून मोठी गोष्ट विसरतात. ‘हापूस’ रोमनमध्ये किमान तीन प्रकारे लिहिला जातो: एकेरी यू, डबल ओ, आणि सुरुवातीला डबल ए. ‘आंबा’ एका ए ने की दोन? ‘येवला’ मधे ओ की व्ही? हायफन काढून टाकला तरी स्पेलिंगची शंका असलेलं नाव फोनवर टिकत नाही.

कुठला शब्द किती शोधला जातो ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स उघडा, महाराष्ट्र निवडा आणि आपल्या शब्दाची दोन-तीन स्पेलिंग्ज शेजारीशेजारी टाका. आंब्यासाठी मार्च ते मे हे महिने बघा, बाकी वर्षभर रेघ झोपलेली असते. जे स्पेलिंग लोक आपणहून वापरतात ते घ्या. आपल्या आडनावाचं किंवा गावाचं सरकारी कागदावर रुळलेलं स्पेलिंग असेल, तर तेच बरं.

आपल्या नावात एकाच वेळी दोन शंका नकोत, हा माझा नियम आहे. स्पेलिंगची एक शंका आणि वर हायफन, म्हणजे चार पर्याय झाले. त्यातला बरोबर एकच.

पायरी ३: फोनवर सांगून बघा

गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाला फोन लावा आणि नाव एकदाच सांगा: ‘कातळ, मधे हायफन, आमराई, डॉट कॉम.’ मग त्यांनी ऐकलेलं व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवायला सांगा. काय येतं ते बघण्यासारखं असतं. ‘हायफन’ म्हटलं की काहींना कळत नाही, म्हणून आपण ‘डॅश’ म्हणतो. ‘डॅश’ म्हटलं की कुणी अंडरस्कोर टाकतं, कुणी अक्षरशः ‘डॅश’ हा शब्दच लिहितं. बँकेत किंवा दुकानात काम केलेली माणसं ‘मायनस’ म्हटलं की चटकन बरोबर टाइप करतात, असं मला दिसलंय. पण दर वेळी एवढं समजावून सांगावं लागणं, हीच त्या नावाची किंमत आहे. शिवाय मोबाइलच्या कीबोर्डवर हायफन अक्षरांसोबत नसतो, आकड्यांच्या पानावर जावं लागतं.

तुमची बहुतेक विक्री व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या लिंकवरून आणि जाहिरातीवरच्या क्लिकवरून होत असेल, तर हायफनचा त्रास जवळजवळ नाही, कारण कुणी टाइपच करत नाही. तोंडी प्रसिद्धी, रिक्षावरचा बोर्ड, प्रदर्शनातला स्टॉल यांवर धंदा असेल, तर त्रास रोजचा आहे.

समाजमाध्यमांचंही बघा. इन्स्टाग्राम आणि एक्स यांच्या वापरकर्ता-नावात हायफन चालतच नाही; फेसबुकवरही नाही. यूट्यूबवर चालतो. म्हणजे हायफनवालं नाव घेतलं की वेबसाइट एक आणि इन्स्टाग्राम दुसरं, हे ठरलेलंच.

पायरी ४: छापखान्यात काय होतं

पेटीवरच्या स्टिकरची रुंदी कमी असते. डिझाइन करणारा नाव दोन ओळींत मोडतो, आणि मोडताना नेमका हायफनवर मोडतो. मग पहिल्या ओळीच्या शेवटी दिसणारा हायफन नावाचा आहे की ओळ मोडल्याचा, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. यावर उपाय साधा आहे: पत्ता एका ओळीतच बसवा, अक्षर लहान झालं तरी चालेल, असं डिझाइनरला लेखी सांगा.

दुसरी गोष्ट, मजकूर वर्डमधून गेला तर कधीकधी हायफनचा लांब डॅश होतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण त्या पीडीएफमधून कुणी पत्ता कॉपी केला तर तो उघडत नाही. प्रूफ तपासताना पीडीएफमधला पत्ता स्वतः कॉपी करून ब्राउझरमध्ये चिकटवून बघा. शक्य तिथे शेजारी क्यूआर कोड द्या.

पायरी ५: बिनहायफनचं नाव कुणाकडे आहे

इथे निर्णय होतो. हायफन काढून उरणारं नाव ब्राउझरमध्ये उघडा.

नाव मोकळं असेल, तर दोन्ही घ्या, यात विचार करण्यासारखं काही नाही. फक्त पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर आणि नंतरचा नूतनीकरणाचा दर वेगळे असतात. हिशेब नंतरच्या दराने करा.

तिथे कुणाची तरी चालू साइट असेल आणि तीही आंब्याचीच, तर ‘कातळ-आमराई’ हे नाव सोडून द्या. तुमची अर्धी गिऱ्हाइकं हायफन विसरून तिकडे जातील, आणि ई-मेलही तिकडे जाईल: पत्ता, फोन नंबर, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, सगळं अनोळखी माणसाच्या हातात. शिवाय कायदाही त्यांच्या बाजूने असू शकतो. सिफी आणि सिफीनेट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं आणि गिऱ्हाइकाची दिशाभूल होणारं मिळतंजुळतं नाव रोखता येतं. तिथे फरक जेमतेम एका-दोन अक्षरांचा होता. मधे एक रेघ टाकली म्हणून नाव वेगळं झालं, हा बचाव फार दुबळा आहे. डॉट इन नावांसाठी तक्रारीची स्वतंत्र लवाद-पद्धतही आहे.

साइट बंद असेल किंवा ‘विकणे आहे’ एवढंच लिहिलेलं पान असेल, तर वेबॅक मशीन या जुनी पानं जपणाऱ्या साइटवर तिचा इतिहास बघा. तिथे पूर्वी जुगार किंवा अश्लील मजकूर असेल, तर त्या नावाच्या आसपासही जाऊ नका. नाव निव्वळ पडून असेल, तर आधी डॉट इन बिनहायफनचं मिळतं का बघा. ‘कातळआमराई डॉट इन’ हे ‘कातळ-आमराई डॉट कॉम’पेक्षा बोलायला सोपं आहे, आणि गिऱ्हाईक भारतातलंच असेल तर डॉट इनमध्ये काहीच कमीपणा नाही.

याच टप्प्यावर सरकारी ट्रेडमार्क नोंदवहीतही नाव शोधा. शोध फुकट आहे. ताजी फळं वर्ग ३१ मध्ये येतात, आमरस आणि डबाबंद फळं वर्ग २९ मध्ये. ‘हापूस’ हा शब्द डोमेनमध्ये घालणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बाग या पट्ट्यात असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. बाहेरचा आंबा या नावाखाली विकायचा असेल, तर डोमेन कितीही चांगलं मिळो, घेऊ नका.

पायरी ६: मुख्य नाव एकच, दुसरं त्याच्याकडे वळवा

दोन्ही नावं घेतल्यावर मुख्य कोणतं? लोक जे टाइप करतील त्याने फरक पडत नाही, कारण दोन्हीकडून एकाच ठिकाणी पोहोचणार आहेत. निकालात आणि पेटीवर जे दिसायला स्वच्छ ते मुख्य. आपल्या उदाहरणात जोड फसवा आहे, म्हणून ‘कातळ-आमराई’ मुख्य ठेवीन आणि बिनहायफनचं त्याच्याकडे वळवीन.

वळवताना या गोष्टी नीट करून घ्या:

१. रीडायरेक्ट, म्हणजे एक पत्ता आपोआप दुसऱ्याकडे वळवणं, ३०१ प्रकारचा, म्हणजे कायमचा असावा. रजिस्ट्रारकडे ‘मास्किंग’सह फॉरवर्डिंगचा पर्याय असतो, तो घेऊ नका. त्यात पत्ता तोच दिसत राहतो आणि साइट चौकटीत उघडते, गूगलला मुख्य पत्ता कळत नाही.

२. दोन्ही डोमेनला एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे साइट सुरक्षित असल्याची ब्राउझरला पटणारी खूण, हवं. हे सगळ्यात जास्त राहून जातं. वळवायच्या नावाला प्रमाणपत्र नसेल, तर रीडायरेक्ट होण्याआधीच ब्राउझर लाल इशारा दाखवतो आणि गिऱ्हाईक घाबरून परत जातं. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. ते आपोआप नूतनीकरण होतंय ना, एवढं होस्टिंगवाल्याकडून पक्कं करा.

३. डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू लावून आणि न लावता, दोन्ही नावं, म्हणजे चार पत्ते मोबाइलवर उघडून बघा. चौघांनी एकाच जागी पोहोचायला हवं, आणि आतल्या पानाचा पत्ता दिला तर त्याच आतल्या पानावर.

४. ई-मेल दोन्ही डोमेनवर चालू ठेवा. बिनहायफनच्या पत्त्यावर आलेली ऑर्डर मुख्य इनबॉक्समध्ये यायला हवी.

५. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात मुख्य नावाची ‘डोमेन’ प्रकारची नोंद करा. त्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदींत, एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद टाकावी लागते.

आणि होमपेजवर ‘वेबसाइट’ प्रकारचा स्ट्रक्चर्ड डेटा, म्हणजे गूगलला वाचता येणारी ठरावीक साच्यातली माहिती, टाकून साइटचं नाव ‘कातळ आमराई’ असं द्या. गूगल २०२२ पासून मोबाइलच्या निकालात पत्त्याच्या वर साइटचं नाव दाखवतं आणि ते इथून उचलू शकतं. डोमेन रोमन असलं तरी निकालात नाव देवनागरीत दिसण्याची ही सोपी वाट आहे, आणि माझ्या मते हायफनच्या चर्चेत जाणारा वेळ इथे घालवणं जास्त फायद्याचं.

पायरी ७: पानांच्या पत्त्यांत हायफन मोकळ्या हाताने वापरा

डॉट कॉमच्या पुढे ‘हापूस-पेटी-दर’, ‘पुणे-घरपोच’, ‘आंबा-कसा-पिकवावा’ असे पत्ते ठेवा. वर्डप्रेस मोकळ्या जागेचा हायफन आपोआप करतं. पान मराठीत असेल तर पत्ता आपोआप देवनागरीत बनतो आणि व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. म्हणून प्रत्येक पानाचा पत्ता हाताने, रोमनमध्ये, तीन-चार शब्दांत लिहा.

पत्त्यात वर्ष घालू नका. दरवर्षीच्या भावासाठी एकच पान ठेवून त्यातला मजकूर बदला. त्या पानाला हंगामागून हंगाम मिळालेल्या लिंका तिथेच साठत जातात.

आधीच हायफनवाली साइट चालू असेल तर

साइट नीट चालतेय, गिऱ्हाइकं येतायत, तर केवळ हायफन आहे म्हणून नाव बदलू नका. बिनहायफनचं मोकळं असेल तर घेऊन वळवा, एवढंच.

बदलायचंच असेल, तर गूगलच्या दृष्टीने ते पूर्ण स्थलांतर आहे. आंब्याच्या धंद्यात हे काम पावसाळ्यात करा, फेब्रुवारीत नको. क्रमवारी काही आठवडे वरखाली होते आणि हंगामात ते परवडत नाही. जुन्या प्रत्येक पानाचा ३०१ नव्या त्याच पानावर लावा, सगळं होमपेजवर ढकलू नका. मग सर्च कन्सोलमधलं पत्ताबदलाचं साधन वापरा, नवा साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) द्या, आणि गूगल बिझनेस प्रोफाइल, इन्स्टाग्रामचा बायो, पावतीपुस्तक यांवरचा पत्ता बदला. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं, पण जुनं डोमेन त्यानंतरही सोडू नका. मागच्या हंगामातल्या रिकाम्या पेट्या लोकांच्या माळ्यावर असतात, आणि त्यांवर जुनाच पत्ता असतो. सोडलेलं डॉट कॉम मुदतीनंतर काही आठवड्यांत पुन्हा बाजारात येतं आणि ते कुणीही घेऊ शकतं. दोन्ही नावांचं नूतनीकरण स्वयंचलित करा, आणि रजिस्ट्रारकडे नोंदवलेला ई-मेल त्याच डोमेनवरचा न देता वेगळा द्या, म्हणजे डोमेन बंद पडलं तरी इशारा तुमच्यापर्यंत पोहोचेल.